चिंचेनं घासलेला चंद्र

दसऱ्याचे हत्ती परतले, रस्त्यांवरच्या दिव्यांच्या माळा उतरल्या, की मैसुरात माझा हंगाम सुरू होतो. कारण आयुधपूजा. आमच्या गावात त्या दिवशी जे जे म्हणून चालतं, त्या सगळ्याची पूजा होते. स्कूटर, ऑटो, शिलाईचं मशीन, मिक्सर, मुलांचा कॉम्प्युटर, काही सुटत नाही. आणि पूजा म्हटली की आधी घासणं आलं. घरातल्या बाईनं चिंचेचा गोळा हातात घेतला की समया होतात, घंटा होते, तांब्या-पंचपात्र होतं, आणि मग तिची नजर भिंतीवर जाते. तिथं आजोबांच्या वेळचं घड्याळ टांगलेलं असतं. त्याची तबकडी पांढुरकी, जरा मळकट दिसते. "अय्यो, हे राहिलंच की!" झालं. दिवाळीच्या आत ते घड्याळ माझ्या दारात.

म्हणून म्हणते, चिंच ही माझी वैरीण आहे आणि अन्नदातीही.

माझं काम जुन्या घड्याळांच्या पितळी तबकड्यांवर, घासून उडालेली चांदी पुन्हा चढवण्याचं. कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या बाजूला, जिथं चार लोकांकडे वॉशिंग मशीन असतं, तिथं माझं टेबल आहे. संपादकांनी फोनवर विचारलं, "तुमचा कारखाना आहे का?" म्हटलं, आहे ना. एक ओटा, एक नळ आणि एक नवरा. नवरा बँकेतून निवृत्त झाल्यापासून तबकड्या उन्हातून आत आणण्याच्या खात्यावर आहे, आणि मधेमधे चहा करतो.

आणखी एक सांगून ठेवते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचे मराठी. घरात मराठी बोलतो, पण भाजीवाल्याशी, देवाशी आणि चिडल्यावर कन्नड. पुढे जी माणसं येतील ती कन्नडच बोलली. तुमच्यासाठी मी मराठीत आणलंय, अधूनमधून एखादा शब्द सुटून जाईल, सांभाळून घ्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. आतलं यंत्र त्यांचं सगळं ऐकायचं, पण तबकडीला ते हात लावत नसत. "चेहरा आहे तो, तिथं आपण बोटं घालू नयेत," म्हणायचे. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तोवर त्या पदवीचा उपयोग इडलीचं पीठ वेळेवर फुगवण्यापुरता होता. एक दिवस त्यांच्या कुठल्याशा जुन्या दोस्तानं त्यांना चांदी चढवायची रीत सांगितली. मामंजी घरी आले, कोट काढायच्या आधी मला हाक मारली, "सूनबाई, हे तुझ्या कॉलेजातलं काम दिसतंय." मी लगेच पदर खोचला. पहिल्या तबकडीवर सगळी चांदी छान बसली आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. बोटाचं तेल लागलं की चांदी तिथं धरत नाही, हे मला कोण सांगणार? मामंजींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "वा! चित्रकारासारखी सही पण केलीस."

रीत ऐकायला सोपी आहे. यात वीज नाही, भट्टी नाही. आधी तबकडी साफ करून किंचित तापवायची. कोरलेल्या आकड्यांच्या खाचांत काळं मेण भरायचं. गार झालं की वर आलेलं मेण बारीक कागदानं घासून सपाट करायचं, म्हणजे आकडा काळा आणि भोवती स्वच्छ पितळ. मग गोल गोल, एकाच दिशेनं घासून पितळेला बारीक रेघांचा पोत आणायचा. आता चांदीचा क्षार, साधं मीठ आणि बेकरीवाले केकात घालतात ते क्रीम ऑफ टार्टर, याचा ओला लेप कापडाच्या बोळ्यानं चोळायचा. चोळता चोळता पिवळं पितळ राखाडी होतं, राखाडीचं पांढरं होतं, आणि बघता बघता पौर्णिमा. मग धुवायचं, शेवटचं पाणी नळाचं नाही, बॅटरीत घालतात ते. लगेच कोरडं करायचं आणि वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक व्हार्निशचा, पातळ हात. इतकी वर्षं झाली, पण ते पांढरं उमलायला लागलं की मला अजून गाणं सुचतं. नवरा म्हणतो, चांदी परवडली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक नवरा-बायको आले, दोघंही कॉम्प्युटरवाले, घड्याळ नुकतंच लिलावात घेतलेलं. मी तबकडी चंद्रासारखी करून दिली तर त्यांची तोंडं उतरली. "आंटी, जुनं दिसायला पाहिजे होतं." म्हटलं, दहा वर्षं थांबा, फुकट होईल. एकजण तलकाडहून आला. कावेरीकाठी तिथं देवळंच्या देवळं वाळूत गेलीत, मग घड्याळाची काय कथा? म्हणाला, बंद पडलंय. मागचं झाकण उघडलं तर वाटीभर वाळू माझ्या मांडीवर. पण ती वाळू बघितली आणि मी हरखले. इतकी बारीक, एकसारखी! घड्याळाचे पोलादी काटे तापलेल्या वाळूत ठेवले की सावकाश निळे होतात, घाई केली तर डागळतात. त्या माणसाला मी घड्याळ परत दिलं आणि वाळू ठेवून घेतली. अजून तीच वापरते, लोखंडी कढईत. नवऱ्यानं एकदा त्यात शेंगदाणे भाजायला घेतले होते, तो प्रसंग इथं नको.

पण आज सांगायचं आहे ते निंगम्माचं.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सकाळी मोटरसायकल थांबली. मैसूरजवळच्या वरुणेकडच्या एका गावातला मादेश, चाळिशीचा, दूध घालून परतताना आलेला. एका बाजूला रिकामा कॅन, दुसऱ्या बाजूला घोंगडीत बाळासारखं गुंडाळलेलं गोल घड्याळ. टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, काटे मोठे करून मिळतील?"

"कशाला?"

"अव्वाला दिसत नाहीत."

अव्वा म्हणजे त्याची आई निंगम्मा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मैसुरात झालं, उत्तम झालं. डाव्याचा फार पिकलाय, उगाच लांबवू नका, असं डॉक्टर बजावत होते. आणि निंगम्मा हटून बसली होती. म्हणायची, ऑपरेशन फसलंय. एक डोळा फुकट गेला, दुसरा द्यायला मी खुळी नाही.

"अगदीच दिसत नाही का?" मी विचारलं.

"कसलं अक्का! तांदळातला खडा दिसतो. शेजारणीच्या गळ्यातला नवा सर इथून दिसतो. माझी दाढी वाढलेली दिसते. फक्त हे घड्याळ दिसत नाही. आणि अव्वाचा विश्वास ह्याच्यावर, डॉक्टरवर नाही."

हळूहळू उलगडा झाला. निंगम्मा शाळेत गेलेली नाही. पण नवी नवरी म्हणून त्या घरात आली तेव्हा सासूनं तिला एक गोष्ट शिकवली, हे घड्याळ. मादेशचा पणजोबा कुणा साहेबाची घोडागाडी हाकायचा, साहेबानं विलायतेला जाताना ते दिलं होतं. त्यावर रोमन आकडे. सासू म्हणाली, काठ्या मोज. एक काठी एक, दोन काठ्या दोन, अशा चारपर्यंत. खुरपं दिसलं की पाच. दोन काठ्या एकमेकींत अडकल्या की दहा. जगात निंगम्माला एवढंच वाचता येतं. दूध कधी काढायचं, पोरांना शाळेत कधी पिटाळायचं, बस कधी, सगळं तिनं त्या काठ्या मोजून चालवलं. डॉक्टरांनी तिला तक्त्यावरची E सारखी चिन्हं दाखवली, कुठल्या बाजूला तोंड आहे सांगा म्हणाले. तिनं सगळी बरोबर सांगितली आणि वर म्हणाली, "ह्या फण्यांशी माझं काय काम? मला माझ्या काठ्या दिसू देत."

मी घोंगडी सोडली. अग्गबाई! तबकडी नव्हे, नुसतं सोनं झळाळत होतं. मीच डोळे मिटले. खाचांतलं काळं मेण दर घासण्याला थोडं थोडं जाऊन आता त्याचा कण दिसत नव्हता. काटेसुद्धा घासून चकचकीत. पिवळ्यावर पिवळं, चमकीवर चमक, आणि शिवाय, मादेश म्हणाला, घरी ते टांगलेलं पूर्वेच्या दारासमोर.

"मादेशा, तूच सांग, किती वाजलेत?"

त्याचा हात खिशाकडे गेला.

"मोबाईल नको. ह्यात बघून सांग."

तो वाकला. डोकं तिरकं केलं. मग दुसरीकडे तिरकं केलं. एक डोळा बारीक केला. शेवटी ओशाळून म्हणाला, "दिसत नाही हो अक्का."

"मग तुझं ऑपरेशन कधी?"

बिचारा आधी दचकला, मग खो खो हसला. घरातल्या सगळ्यांकडे मोबाईल, त्यामुळे वर्षानुवर्षं त्या घड्याळाकडे म्हातारीशिवाय कुणी बघितलंच नव्हतं. मोतीबिंदू होता तोवर सगळंच धूसर, म्हणून घड्याळही धूसर. आता सगळं लख्ख झालं आणि घड्याळ तसंच राहिलं. मग तिनं डॉक्टरला खोटा ठरवला तर तिचं काय चुकलं?

"दर आयुधपूजेला कोण घासतं हे?"

"अव्वाच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. चिंच आणि रांगोळीची पूड. गावात सगळे म्हणतात, निंगम्माचं सोन्याचं घड्याळ." आणि मग तो घाबरला. "तुम्ही पांढरं करणार? न सांगता केलंत तर ती माझे पाय मोडेल."

"न सांगता करणारच नाही. मालकिणीला घेऊन ये."

मी म्हटलं खरं, पण आता सांगायचं कसं? पन्नासेक वर्षं जिनं जीव लावून घासलं, तिला सांगायचं की बाई, तुझ्या घासण्यानंच आकडे गेले? रागावून घड्याळ घेऊन निघून गेली तर डावा डोळा कायमचा गेला. जेवतानाही मी तेच बोलत बसले. नवरा म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" म्हटलं, गप्प बसा, आता आहे.

दोन दिवसांनी निंगम्मा मादेशबरोबर बसनं आली. ठेंगणी, ताठ, डोक्याला चमेलीचं तेल, काळा चष्मा. आल्या आल्या माझ्या टेबलावरच्या सगळ्या तबकड्यांवरून नजर फिरवली. "सगळी फिकी," म्हणाली. "तुझ्याकडे चिंच मिळत नाही का ग?"

 मी तिच्या घड्याळाचं काचेचं कडं काढलं, काटे उतरवले आणि तबकडी सोडवून तिच्यासमोर धरली. कड्याखाली जिथं चिंच पोचली नव्हती, तिथं कडेकडेनं पांढरी रेघ होती. मधल्या भोकाभोवती, काट्याच्या चकतीखाली, रुपयाएवढा पांढरा गोल. आणि कड्याखालच्या त्या रेघेत, एका काठीच्या टोकात, काळ्या मेणाचा ठिपका.

तिनं चष्मा काढला. उजवा डोळा अगदी जवळ नेला.  मादेश माझ्याकडे बघतोय, मी नवऱ्याकडे, नवरा चहाकडे.

"हौदु, खरंय," ती हळूच म्हणाली. "मी आले तेव्हा हे पांढरंच होतं. अत्ते, माझ्या सासूबाई, याला चंद्र म्हणायच्या. पहिली आयुधपूजा आली. मला वाटलं, मळ चढलाय. नवी सून, काहीतरी करून दाखवायचं होतं. घास घास घासलं. अत्तेंनी बघितलं आणि म्हणाल्या, हाताला जोर आहे हो पोरीच्या. मग काय, दरवर्षी घासलं." आणि एकदम कपाळावर हात मारून हसायलाच लागली. "अय्यो शिवने! घासून घासून चंद्राचा सूर्य केला की ग मी!"

असं हसली की मादेशही हसला, मीही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की सुटकेचं, कोण जाणे.

मग चौकशी सुरू. कशानं पांढरं करणार? मी बरणी दाखवली. चांदी, मीठ, आणि हे तिसरं. चिंचेत जो आंबटपणा असतो ना, त्याचीच ही बहीण, म्हटलं. हे मी उगाच तिला खूश करायला सांगितलं नाही, रसायनशास्त्रातही तसंच आहे. तिनं पूड हुंगली. "मग चालेल. चिंचेनं नेलं, चिंचेच्या बहिणीनं आणून दिलं. सरी. पण चोळणार मी."

आता आली का पंचाईत! गिऱ्हाइकाला मी कधी लेप देत नाही. एक बोट लागलं की डाग. पण या बाईइतकं या तबकडीला कोण ओळखणार? मेण भरणं, घासणं, पोत आणणं माझं मी करून ठेवलं, काटे तलकाडच्या वाळूत निळे केले, आणि तिला पुन्हा बोलावलं. हातमोजे पुढे केले. ते चढवून तिनं दोन्ही हात वर धरले, दारात उभ्या असलेल्या मादेशला म्हणाली, "बघ, आता मी डॉक्टर." आणि बोळा उचलला.

काय हात होता हो! गोल, एकसारखा, ना कमी दाब ना जास्त. माझ्या उमेदीत असा हात मला नव्हता.  पितळ राखाडी झालं तेव्हा ती क्षणभर थबकली, "काळं पडतंय?" म्हटलं, थांबू नका. ती पुन्हा चोळायला लागली. आणि मग ते उमललं. एका कडेनं पांढरं सरकत आलं, काळ्या काठ्या एकामागून एक उभ्या राहिल्या. तिचा हात थांबला. टेबलावर वाकून ती बोट न लावता, हवेतच मोजायला लागली. "एक काठी... दोन... तीन... चार काठ्या... खुरपं!" मला तर नाचावंसं वाटलं. नवरा चहा घेऊन आला होता, तो तसाच कप हातात धरून उभा राहिला.

पण खरी परीक्षा तिच्या घरी होती. टेबलावर जवळून दिसलं याला ती परीक्षा मानायला तयार नव्हती. "भिंतीवर दिसलं पाहिजे," म्हणाली. "चुलीपासून."

लॅकर वाळल्यावर मादेशनं घड्याळ नेलं आणि मला म्हणाला, तुम्हीही या, काही बिनसलं तर मी एकटा सापडायला नको. मी वरुणेची बस धरली. दोन्हीकडे भात पिवळा झालेला, मधे ऊस. बसमध्ये मी मनातल्या मनात आमच्या सगळ्या देवांना, मराठी आणि कन्नड दोन्ही, कामाला लावलं.

मादेशनं घड्याळ जुन्याच खिळ्याला टांगलं, किल्ली दिली, वेळ लावली. दारातून उजेड थेट त्यावर आला. चमकलं नाही. दुधासारखं शांत पांढरं दिसलं, निळे काटे त्यावर ठसठशीत. सून आणि नातवंडं गोळा झाली. शेजारच्या दोघी बायका कुंपणावरून बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "अय्यो, सोनं गेलं की!"

निंगम्मानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मागे मागे सरकत चुलीपाशी गेली. भिंतीला पाठ लावली. तळहातानं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं बघितलं.

"मोठा काटा खुरप्यावर एक काठी," ती म्हणाली. "छोटा काटा, अडकलेल्या काठ्या आणि एक, त्याच्या जरा पुढे. म्हणजे अकरा. अकरा वाजून अर्धा तास."

मादेशनं सवयीनं मोबाईल काढला, बघितला, आणि आईकडे बघून नुसती मान हलवली.  नातवंडांनी टाळ्या पिटल्या. मी डोळ्यांना पदर लावला.

निंगम्मा मात्र जागची हलली नाही. तिनं हात बदलला. आता उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं बघितलं. मान पुढे काढली. एक पाऊल पुढे आली. आणखी एक. 

"इल्ला, नाही दिसत," ती म्हणाली. हात खाली घेतला आणि माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर नाराजी नव्हती, चिंचेचा गोळा हातात घेतलेल्या बाईचा असतो तसा कामाला लागल्याचा भाव होता.

"मगा, पोरी, तुझी चांदी चांगली आहे, डॉक्टरही चांगला आहे," ती मला म्हणाली आणि मग लेकाला हाक मारली. "मादेशा, ह्या डोळ्याची कल्हई गेलीय रे. उद्याच घेऊन चल."